डावीकडचं स्टूल

१

आमच्या घरात बाकी सगळ्यावर वाद घालता यायचा, दोन नियम सोडून. ऊद कुपीतून बाहेर काढला की तो माणसाच्या अंगावरच लावायचा, दुसऱ्या कशावर नाही. आणि थोरला नि धाकटा कधीही एका अंगावर येऊ द्यायचे नाहीत. का, ते विचारायचं नाही.

सात वर्षांची असताना मी विचारलं होतं. आजोबांनी हातातला पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हे कोर्ट नाही." तेव्हापासून घरात माझं नाव वकीलसाहेब पडलं. पुढे मी रसायनशास्त्र घेतलं, पहिल्या वर्गात पास झाले, तरी नाव तेच राहिलं.

थोरला आणि धाकटा ही आमच्या दुकानातल्या दोन ऊदांची नावं. झाड धडधाकट असेल तर त्याच्या लाकडाला वास नसतो. आत कीड लागली, बुरशी चढली, की झाड स्वतःला वाचवायला काळी राळ सोडतं, आणि त्या आजारी लाकडाचं तेल म्हणजे ऊद. थोरला काळपट आणि घट्ट. पहिल्या दमात नाकात गोठा शिरतो, मग ओलं कातडं, मग धूर. नवखं माणूस तोंड फिरवतं. धीर धरला तर तासाभराने खालून एक ऊब वर येते, जुनं कपाट उघडल्यासारखी. धाकटा मधाच्या रंगाचा, पातळ. तो गार लागतो. पाण्यात भिजलेला दगड, आणि त्याच्या मागे कुठेतरी मध. थोरला तुमच्यावर चाल करून येतो. धाकटा वाट बघतो.

दुकानात काउंटरमागे दोन स्टुलं. उजवीकडच्यावर थोरल्याचं माणूस बसतं, डावीकडच्यावर धाकट्याचं. रोज सकाळी दोघं आपापला ऊद डाव्या मनगटाला लावतात. गिऱ्हाईक आधी एका मनगटावर वाकतं, मग दुसऱ्या. ठरलं की मगच काचेच्या काडीने निवडलेल्याचा एक थेंब त्याच्या हातावर. अशी आमची विक्रीची रीत. माझ्या लहानपणापासून उजवीकडे बाबा आणि डावीकडे आत्या. डोळे मिटले तरी कोण उठलं ते कळायचं. उजवं स्टूल जड, ते फरशीवर खरवडत मागे जायचं. डाव्याचा एक पाय आखूड, त्यावरून माणूस उठलं की पाय खाली टेकल्याचा आवाज यायचा, टक्.

२

तीन महिन्यांपूर्वी आत्या गेली. सकाळी बसली होती, दुपारी गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती एकोणसाठची होती, लग्न केलं नव्हतं, आणि मला आठवतं तेव्हापासून उजव्या हाताने डावं मनगट झाकून बसायची, कुणी हिसकावून घेईल अशी.

माझी परीक्षा नुकतीच संपली होती. दुसऱ्या शहरात सुगंधांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. तीन महिन्यांनी रुजू व्हा म्हणाले. बाबा म्हणाले, तोवर दुकानात मदत कर. मी म्हटलं करते, पण माझ्या पद्धतीने. दोन माणसांच्या कातडीवर दोन वास घ्यायला लावणं ही शुद्ध फसवणूक आहे, हे मी त्यांना पुष्कळदा समजावलं होतं. कातडीचं तेल वेगळं, घाम वेगळा, ऊब वेगळी. गिऱ्हाईक ऊद निवडतं की माणूस? प्रयोगशाळेत वापरतात तशा पांढऱ्या कागदी पट्ट्यांचे दोन गठ्ठे मी मागवले. टोक ऊदात बुडवायचं, मागे लिहायचं: थो किंवा धा. झालं.

आजोबा दाराशी उभे राहून बघत होते. त्यांनी एकोणतीस वर्षं उजवं स्टूल सांभाळलं होतं, मग बाबांना दिलं. मला वाटलं आता ओरडतील. पण ते पट्टीकडे नाही, डाव्या स्टुलाकडे बघत राहिले आणि आत निघून गेले. बाबांनी थोरला नेहमीसारखा मनगटाला लावला आणि म्हणाले, धाकट्यापुरतं तुझं तू बघ.

त्यांच्या इतक्या लवकर मऊ होण्याचा मला अभिमान वाटला. वाद जिंकण्याची सवय नसली की माणूस असा मूर्ख होतो.

डावीकडच्या स्टुलावर मी बसत नसे. उभ्याउभ्या काम करायची. बसायला काही हरकत नव्हती, पण त्याच्या गादीला मधोमध खळगा होता आणि तो भरून येत नव्हता.

३

ऊद कपड्यात महिनोन्‌महिने टिकतो. लाकडात त्याहून जास्त. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला कुणी भाबडी म्हणायला नको.

तेव्हा आत्याच्या खोलीत धाकट्याचा वास राहिला यात काही नवल नव्हतं. आईने कपडे देऊन टाकले, गादी उन्हात घातली, कपाट पुसलं. वास राहिला. असू दे म्हटलं.

पण तो एका जागी राहीना. सकाळी तो आत्याच्या खोलीत असायचा. पावणेदहाला मधल्या बोळात. दहाला दुकानात, डावीकडे. दुपारी एक ते दोन स्वयंपाकघरात टेबलाच्या टोकाला, जिथे ती जेवायची. मी कॅलेंडरच्या पाठीमागे वेळा टिपल्या. आठ दिवस, रोज चार नोंदी. दोन-चार मिनिटांचा फरक, बस.

कारण मला लगेच सापडलं. दहाला आम्ही दुकानाचं शटर उचलतो. शटर उचललं की घरातली हवा रस्त्याकडे ओढली जाते, आणि हवेबरोबर वास. दुपारी स्वयंपाकघराची खिडकी उघडी असते. मी आईला हे हातवारे करून समजावलं. ती भाजी निवडत होती. तिने मान हलवली आणि खिडकी लावून घेतली. त्या दिवशीही एक वाजता वास टेबलाच्या टोकाला येऊन थांबला.

रविवारी दुकान बंद असतं. शटर खाली, दारं लावलेली, पंखे बंद. मी पावणेदहाला मुद्दाम बोळात जाऊन उभी राहिले, भिंतीला पाठ लावून नाही, बरोबर मध्यभागी. बोळ अरुंद आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं.

आधी गार लागलं. मग तो भिजलेला दगड, मग मध. वाऱ्याने आणलेला वास अंगावर येतो, तोंडावर पसरतो. हा माझ्या अगदी समोर आला, क्षणभर थांबला, आणि मग माझ्या उजव्या बाजूने, भिंत आणि मी यांच्यामधून, दुकानाकडे गेला.

मी अंग चोरलं होतं. मला ते नंतर कळलं.

बंद दुकानातून आवाज आला नाही. बसताना ते स्टूल वाजत नाही. उठतानाच वाजतं.

४

चष्मेवाले काका आमचे जुने गिऱ्हाईक. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. अख्ख्या गल्लीला नीट दिसायला लावलं आणि स्वतःचे डोळे गेले, असं ते स्वतःच सांगून हसायचे. आता त्यांना उजेड आणि सावली एवढंच दिसतं. गेले वर्षभर ते मुलाकडे होते. वर्षातून एकदा ऊद घेतात, अर्धा तास घोळ घालतात आणि शेवटी थोरलाच उचलतात. आत्या त्यांना चिडवायची, की तुम्ही माझ्याकडे नुसते गप्पा मारायला वाकता.

ते आले तेव्हा अकरा वाजले होते. बाहेर ऊन, दुकानात पांढरा उजेड. उजवीकडे बाबा. मी फळ्यांजवळ उभी, डाव्या स्टुलापासून चांगली चार पावलं लांब. काका काठी टेकत आले, बाबांच्या मनगटावर वाकले, दीर्घ श्वास घेतला, तोंडातल्या तोंडात हूं म्हणाले. मी त्यांच्या हातात धाकट्याची पट्टी दिली. त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि मला परत केली. कागद हुंगायला मी काय पोस्टमन आहे, म्हणाले.

आणि डावीकडे वळले.

मी सांगणार होते, काका, आत्या नाही आता. शब्द ओठांवर होते. पण ते वाकलेच. नेमके जिथे बसलेल्या माणसाचं मनगट येईल तिथे. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि आधाराला धरतात तसा धरला. मी त्यांची बोटं बघत होते. रिकाम्या हवेत हात मिटला तर मूठ होते. त्यांची मूठ झाली नाही. बोटं मनगटाएवढी जागा ठेवून थांबली, आणि अंगठा हळूच एकदा फिरला, कातडीवरून फिरतो तसा.

ते बराच वेळ वास घेत होते.

"हाच द्या यंदा," काका म्हणाले. मग बाबांकडे तोंड करून खालच्या आवाजात, "ताईंचा हात फार गार पडलाय हो. जपा त्यांना."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं ते दचकतील, किंवा मला डोळ्यांनी गप्प करतील, किंवा म्हाताऱ्याचं मन राखायला काहीतरी बोलतील. ते कुपी पुसत होते. मान वर न करता, पाऊस येईलसं दिसतंय म्हणावं तसे म्हणाले, "हल्ली गारच असतो."

मग त्यांना त्यांचा खोकला आला. दोन आखूड, एक लांब. आतल्या खोलीतून आजोबांनीही तसाच खोकला दिला. दोन आखूड, एक लांब. ही आमच्या घरातली नेहमीची गंमत होती. आई म्हणायची, एकाने प्रश्न विचारला की दुसरा उत्तर देतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की प्रश्न आणि उत्तर एकाच माणसाचं असावं.

५

त्याच संध्याकाळी जेवायच्या आधी आजोबा म्हणाले, आता निवड करून टाक. रविवारी दुपारी. थोरला की धाकटा, तुझी इच्छा. आमच्या घरात ज्याने त्याने स्वतः निवडलंय, कुणावर जबरदस्ती नाही.

मी म्हटलं माझी नोकरी ठरली आहे, मला कुठलं स्टूल नको. एखादं माणूस ठेवा पगारावर.

"तीन महिने झाले, वकीलसाहेब," आजोबा म्हणाले. "उभं किती दिवस ठेवायचं?"

"कुणाला उभं ठेवलंय?"

त्यांनी ताट पुढे ओढलं. विचारायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कोठीची किल्ली घेतली. मला पुरावा हवा होता. कशाचा, ते माहीत नव्हतं. पण वकीलसाहेब म्हणताय तर मग घ्या. कोठीत रिकाम्या कुप्या वर्षानुवर्षं रांगेने ठेवलेल्या आहेत, कारण आमच्याकडे काही फेकत नाहीत. प्रत्येक कुपीवर कागदी लेबल, त्यावर ऊदाचं नाव आणि साल. लेबल ज्याचं त्याने लिहायचं, अशी पद्धत. धाकट्याची आत्याने, तिच्याआधी आजोबांच्या धाकट्या बहिणीने, तिच्याआधी आजोबांचे कुणी चुलत काका होते, त्यांच्याआधी कोण ते मला ठाऊक नाही.

मी धूळ पुसत मागे मागे गेले. आत्याचं अक्षर मी कुठेही ओळखेन. गोल, शांत, 'धा'च्या कान्याला खाली एक छोटा वेटोळा. साल मागे जात राहिलं. शाई जांभळी झाली, मग तपकिरी. कागद पिवळा झाला. अक्षर तेच. तोच गोलपणा, तोच वेटोळा. आत्याच्या जन्माच्या आधीच्या कुपीवर आत्याचं अक्षर. त्या चुलत काकांच्या वेळच्या कुपीवर आत्याचं अक्षर.

थोरल्याची रांग मी बघितली नसती तर बरं झालं असतं. तिथेही एकच अक्षर होतं. बाबांचं. उभं, ठसठशीत, शंभर वर्षांचं.

घराण्यात अक्षर जुळतं. मुलं मोठ्यांचं बघून गिरवतात. मी कोठीच्या फरशीवर बसून हे स्वतःला मोठ्याने सांगितलं. मग आत्याच्या ट्रंकेत तिची कॉलेजची वही सापडली, विसाव्या वर्षीची, निवडीच्या आधीची. भूगोलाच्या टिपणांची. अक्षर तिरकं, घाईचं, पुढे पळणारं, कागदात रुतलेलं. समासात एका ठिकाणी लिहिलं होतं: म्हाताऱ्यांना सांगून टाकणार आहे. मी काही बसायची नाही.

त्या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. दुसरी रेघ इतकी जोरात की कागद फाटला होता.

आमच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ माणसं बसली, असं मला वाटत होतं. त्या फरशीवर पहिल्यांदा मनात आलं, की दोनच बसली आहेत.

६

आजोबांना मी वही दाखवली नाही. एवढंच केलं, की त्यांच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं आणि म्हटलं, आजोबा, तुमचं नाव लिहून दाखवा ना. त्यांनी पेन हातात घेतलं. टोक कागदाला टेकवलं. मग ते माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या अनोळखी स्टेशनवर उतरलेल्या माणसासारखे. हात कापतो, म्हणाले. पण सुईत दोरा ते अजून चष्म्याशिवाय ओवतात. गेली वीस वर्षं ते कागदावर अंगठा उठवतात, आणि शिकलेला माणूस अंगठा का उठवतो हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. मी तिला सगळं सांगितलं, कुप्या, वही, चष्मेवाले काका. मला वाटलं ती म्हणेल, डोकं फिरलंय तुझं, फार शिकलीस. तिने नळाखाली हात धुतले, बराच वेळ धुतले, आणि दार लोटून घेतलं.

"लग्नाच्या आधी मी तुझ्या बाबांना वर्षभर ओळखत होते," ती म्हणाली. "शीळ घालायचे. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचे. लग्नानंतर चार महिन्यांनी ते स्टुलावर बसले."

"आणि मग?"

"मग काय. सासऱ्यांना मी ओळखायला लागलेच होते."

तिने परत परातीत हात घातला. मी म्हटलं, तू एवढी वर्षं राहिलीस कशी? तिला माझा राग आला असावा. म्हणाली, माणूस वाईट नाही गं. कधी आवाज चढवला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. फक्त मला भेटलेला तो नव्हे. आणि हे बोलायचं कुणाजवळ? तुझ्या आत्याजवळ?

मी तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती हसली. तेवढ्यात एक वाजला. टेबलाच्या टोकाला गार लागलं, आणि आईने सवयीने, न बघता, तिकडचं ताट सरळ केलं.

७

रविवारी सकाळी प्रयोगशाळेचं पत्र उघडून बसले. स्वीकारपत्र छापून त्यावर सही करायची आणि फोटो काढून पाठवायचा, दुपारच्या आत. इतकं सोपं काम.

सही केली आणि बघत राहिले. ती गोल आली होती.

मी पट्ट्यांचा डबा आणला. वापरलेल्या पट्ट्या मी तारखेने रबरबँड लावून ठेवल्या होत्या, नोंद असावी म्हणून. पहिल्या आठवड्यातल्या पट्टीवर माझं 'धा': तिरकं, टोकदार, कान्याची रेघ खाली सुटलेली. दुसऱ्या महिन्यात ती रेघ उभी झाली होती. गेल्या आठवड्यातल्या पट्ट्या मी टेबलावर एकाखाली एक मांडल्या. प्रत्येकीवर कान्याला खाली एक छोटा वेटोळा होता. 'थो' लिहायची वेळच आली नव्हती, थोरल्याला बाबांचं मनगट होतं.

मी धाकटा अंगाला कधीच लावला नव्हता. पट्ट्या बोटांनी धरल्या होत्या, एवढंच. चिमटे मागवायचे राहून गेले होते. विज्ञानाची विद्यार्थिनी मी, आणि हातमोजे घालायचं मला सुचलं नव्हतं. धाकट्याला अंगाशिवाय बाहेर काढलं मीच, आणि रोज दहा वेळा बोटही मीच धरू दिलं.

डाव्या हाताने कागद दाबून धरला आणि पुन्हा सही केली. गोल. फाडला. पुन्हा छापला. गोल. मग आत्याची वही शेजारी उघडून ठेवली, तिच्या त्या फाटलेल्या रेघेवर नजर लावली, आणि एकेक अक्षर ढकलत, तिरकं पाडत लिहिलं. पेन पुढे जायला तयार नव्हतं, जिन्यावरून कपाट वर चढवावं तसं ते चढवलं. शेवटच्या अक्षराला कागद फाटला.

पण सही माझी होती. फाटलेल्या कागदाचा फोटो काढला आणि पाठवला. खाली टाइप केलं, कागद फाटला त्याबद्दल क्षमस्व, मूळ प्रत घेऊन येते.

बोळात गार लागत होतं. पावणेदहा कधीच होऊन गेले होते. आज ते दुकानात गेलं नव्हतं. माझ्या दारापाशी थांबलं होतं.

८

दुपारी मधल्या खोलीत आजोबा आणि बाबा पलंगावर बसले होते. आई दारात. मधल्या लहान टेबलावर थाळी, थाळीत दोन कुप्या आणि दोन काचेच्या काड्या. काळी आणि मधाळ. खिडकीतून ऊन आत येऊन नेमकं त्यांच्यावर पडलं होतं आणि दोन्ही सुंदर दिसत होत्या, हे कबूल करायला हवं. माझ्या नाकाने आयुष्यभर या दोन वासांतच जग मोजलं आहे. ऊब हवी तर हा, गारवा हवा तर तो. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी सांगू शकले असते त्याला काय शोभेल. मला काय शोभेल तेही मला माहीत होतं. धाकटा. आत्यालाही नेमका तोच शोभत होता.

बाबा बोलले. शांतपणे, मुद्देसूद. चार पिढ्या झाल्या, दुकान दोघांचं असतं, बाहेरचं माणूस चालत नाही. तू हुशार आहेस, दुकान तुझ्या पद्धतीने चालव. पट्ट्या आणायच्या तर आण, फक्त आधी निवड. थोरला हवा असेल तर मी आज उठतो.

मी विचारलं, मग धाकट्याचं काय?

आजोबांनी दाराकडे पाहिलं. आईने दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले.

म्हणजे असं होतं. मी उजवीकडे बसले तर डावीकडे आई. मी इथून पळाले तरी डावीकडे तीच. माझी निवड थोरला की धाकटा ही नव्हतीच.

"आत्यानेही निवडलं होतं?" मी विचारलं.

"स्वखुशीने," आजोबा म्हणाले.

"तिने वहीत लिहून ठेवलंय, मी बसायची नाही."

"सुरुवातीला सगळेच म्हणतात," बाबा म्हणाले, तेही अगदी मायेने. त्यांनी धाकट्याच्या कुपीचं बूच काढलं. काडी बुडवली. थेंब टोकाला लोंबत राहिला.

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात माझ्या डाव्या मनगटावर होता, घट्ट, कुणी हिसकावून घेईल असा. मी तो तिथे कधी ठेवला ते मला माहीत नाही. तिघंही त्या हाताकडेच बघत होते, आणि आजोबांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यावरचं समाधान होतं.

पहिलं बोट सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग दुसरं. करंगळी शेवटी सुटली. मनगटावर चार पांढरे वळ उठले होते आणि ते माझ्या बोटांपेक्षा लांब होते. मी दोन्ही हात अंगापासून लांब धरले, रिकामे, त्यांना दिसतील असे.

"नाही," मी म्हटलं. आवाज फाटला, कागदासारखा. "मी निवडणार नाही. हा नाही आणि तोही नाही. आणि आईच्या हाताला कुणी काडी लावली तर या दोन्ही कुप्या मी गटारात ओतेन. कशाला अंग लागत असेल तर ते त्याने स्वतःचं शोधावं."

आजोबांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, कोर्ट नाही म्हणतील, वकीलसाहेब म्हणतील. तोंड उघडंच राहिलं आणि त्यातून काही आलं नाही. बाबांची छाती वर आली, खोकल्यासाठी येते तशी. दोन आखूड, एक लांब. ती वर आली आणि तिथेच थांबली. काडीवरचा थेंब थाळीत पडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या आईकडे, आणि तिच्याकडे ते असे, फार वर्षांनी भेटल्यासारखे, बघत राहिले की तिने बाहीतून एक हात बाहेर काढून तोंडावर धरला.

बाहेर बंद दुकानात आवाज झाला. टक्. डावीकडचं स्टूल.

आणि मग, बाबा माझ्यासमोर पलंगावर बसलेले असताना, उजवीकडचं जड स्टूल फरशीवर खरवडत मागे सरकलं.

खोलीत आम्ही चौघंच होतो. बाहेर कोण आहे, असं कुणीच विचारलं नाही. बोळातून गोठ्याचा आणि भिजलेल्या दगडाचा वास, आयुष्यात पहिल्यांदा एकत्र, आमच्या दाराकडे येत होता, अंग शोधत.